आठळ्या, रातांब्याच्या (कोकमाच्या) बिया, आंब्याच्या कोयी : नीट वाळवून फ्रिजमध्ये ठेवल्या, एकही रुजली नाही. कुठे चुकलं?

आजोळची_वाट

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

मी पुण्यात राहते, गच्चीवर सहा-सात वर्षं बाग करतेय आणि बियाणं घरचंच धरते, टोमॅटो, मिरची, दुधी, वाल, सगळ्याचं. पद्धत ठरलेली. फळ झाडावर पूर्ण तयार होऊ द्यायचं, बी धुवायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि झिपलॉकच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून फ्रिजमध्ये. दुधीची तीन वर्षांची बी सुद्धा मस्त उगवलीय माझ्याकडे.

या मे महिन्यात आजोळी गेले होते, गुहागरजवळ. तिथे मागच्या पडवीला लागून एक रायवळ आंबा आहे, आम्ही त्याला शेप्या म्हणतो, फळ मुठीएवढं, धागेदार, पण रसाला शेपूसारखा वास येतो आणि आजी त्याचीच साठं घालायची. मामा पुढच्या वर्षी घराचं काम काढतोय, मागची बाजू वाढवायचीय, म्हणजे झाड जाणार. मला ते कळल्यापासून झोप नाही. म्हणून मी त्याच्या साठेक कोयी, बाजूच्या बरक्या फणसाच्या आठळ्या आणि दोन ओंजळी रातांब्याच्या बिया घेऊन आले. पुण्याच्या उन्हात गच्चीवर चार दिवस वाळवल्या, नेहमीसारख्या पिशव्या भरल्या, नावं तारखा घातल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या. थोड्या आत्ता लावायच्या आणि बाकीच्या नागपूरला बहिणीकडे पुढच्या पावसात, असं ठरवलं होतं.

जूनच्या शेवटी लावल्या. आज चार आठवडे होऊन गेले, एकही वर आली नाही. काल एक एक उकरून बघितली. आठळी कापली तर आत तपकिरी आणि दगडासारखी, कोयीच्या आतला गर काळा पडून आक्रसलेला, रातांब्याची बी बोटांनी चुरगळली. आणि त्याच फ्रिजमधल्या सीताफळाच्या बिया, गेल्या दिवाळीच्या, त्याच दिवशी लावलेल्या, त्यातल्या निम्म्या वर आल्यात.

माझं नेमकं काय चुकलं? आणि या बिया एक वर्ष टिकवायची काही पद्धत आहे का? झाड अजून उभं आहे पण फळं आता पुढच्या मे शिवाय नाहीत, आणि तोवर ते राहील की नाही माहीत नाही.

——

कलमवाला_लांजा

ताई, तुम्ही सगळं मन लावून केलंत, फक्त ती पद्धत या बियांची नव्हे. दुधी-मिरचीच्या बीला जे मानवतं तेच या बियांना मारतं. मी वीस वर्षं कलमं बांधतो, दर वर्षी कोणी ना कोणी वाळवलेल्या कोयी पिशवीत घेऊन येतो आणि मला परत पाठवाव्या लागतात.

फळझाडांच्या बियांच्या दोन जाती धरा. एक वाळल्यावर झोपणारी, दुसरी झोपच न येणारी. दुधी, मिरची, सीताफळ, चिंच, बोर, पेरू ही पहिली. ती बी झाडावरच वाळत जाते, आतलं काम जवळजवळ थांबतं, मग तुम्ही जेवढी कोरडी आणि थंड ठेवाल तेवढी जास्त टिकते. आंबा, फणस, रातांबा, जांभूळ ही दुसरी. फळातून बाहेर आली तरी ती जिवंत रोपासारखीच असते, श्वास घेत असते, पाण्याने भरलेली असते. ताजी आठळी सुरीने कापून बघा, सुरी ओली होते. तिचं निम्मं वजन पाण्याचंच. ते पाणी काढलंत की आतल्या पेशींचे नाजूक पापुद्रे फाटतात आणि नंतर कितीही भिजवा, परत जुळत नाहीत. सिलिका जेलने तर शेवटचा थेंबही ओढून घेतला असणार. आणि समजा वाळवल्या नसत्या तरी फ्रिजच्या चार-पाच डिग्रीने मेल्याच असत्या, ही आपली उष्ण भागातली झाडं, यांच्या बीला दहा-बाराच्या खालची थंडी सोसत नाही.

कुठली बी कुठल्या जातीची हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे, शास्त्रात किती बसते ते शिकलेले लोक सांगतील. फळ कधी गळतं ते बघायचं. रातांबा, फणस, रायवळ, जांभूळ हे सगळे मे-जूनमध्ये गळतात, दारात पाऊस उभा असतो, बीला थांबायची गरजच नाही, पडली की रुजायचं एवढंच तिला माहीत. सीताफळ मात्र दसरा-दिवाळीला पिकतं, बी पडते तेव्हा पाऊस संपलेला, पुढे आठ महिने कोरडे, ते काढायचे तर कडक कवच घेऊन झोपावंच लागतं. बोर थंडीत, चिंच उन्हाळ्याच्या तोंडाला, त्यांचंही तेच. काजू मधला, मार्च ते मे पिकतो पण बी वाळवून जूनपर्यंत आरामात राहते. लावताना पाण्यात टाकून बुडेल तीच घ्यायची, तरंगली ती भाजीला सुद्धा नको.

एक वर्षाचं विचारलंत. नाही टिकत. आंब्याची कोय फार तर चार-पाच आठवडे, तीही ओलाव्यात सावलीत ठेवली तर. उघडी ठेवली तर पंधरा दिवसांत निम्म्या जातात. आठळी जवळपास तशीच. रातांबा ताजाच लावावा. आमच्याकडे रातांब्याच्या बिया उन्हात वाळवतात त्या तेल काढायला, रुजवायच्या बीला ऊन दाखवत नाहीत, ते दोन ढीग पहिल्या दिवसापासून वेगळे.

——

पोफळीची_वाडी

वरच्या दादांनी चार-पाच आठवडे सांगितलेत त्याचा अनुभव लिहितो कारण मला ते आठवडे मोजायची वेळ आली होती.

आम्ही श्रीवर्धन तालुक्यातले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी मोडल्या, नारळ उपटले, आणि विहिरीजवळचा आजोबांच्या वेळचा आंबा मुळासकट आडवा झाला. त्यावर पाडाला आलेली फळं होती, सगळ्या वाडीत विखुरलेली. लॉकडाऊन चालू, वीज नाही, घरावर कौलं नाहीत, रोपाच्या पिशव्या आणणार कुठून. बाबा रोज सकाळी त्या आडव्या झाडापाशी जाऊन उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत. मी पिकतील तशी फळं गोळा केली, गर खाल्ला, कोयी विहिरीवर नारळाच्या काथ्याने घासून धुतल्या, गर राहिला तर बुरशी येते म्हणून, आणि पडवीच्या सावलीत एक दिवस पसरल्या, फक्त वरचं पाणी सुकेपर्यंत. मग आंब्याच्या लाकडी पेटीत खाली नारळाच्या सोडणाचा भुसा, त्यावर कोयींचा एक थर, परत भुसा, परत कोयी असं भरलं. भुसा किती ओला, तर मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी पण बोटांतून पाणी गळू नये. वर ओलं गोणपाट. चार दिवसांनी एकदा सगळं खालीवर करायचो, आत गरम वाफ धरली असेल तर निघून जाते, आणि कुजलेली कोय वेगळी काढायचो.

तेवीस दिवसांनी पिशव्या मिळाल्या. ११२ कोयी होत्या, तोवर चाळीसेक पेटीतच फुटल्या होत्या, पांढरं जाड मूळ बाहेर. हे चांगलं वाटतं पण यात एक फसगत आहे, मूळ पेटीत वळलं की तसंच लावावं लागतं आणि रोप बुंध्याशी वाकडं होतं. माझी आठ-दहा तशी झाली. एकूण ७१ रोपं उभी राहिली. म्हणून सांगतो, साठवायचं ते फक्त पिशव्या, माती, जागा जुळेपर्यंत. रोज एक कोय उघडून बघायची आणि मूळ दिसायला लागलं की थांबायचं नाही.

अजून एक. कोयीला बारीक भोक दिसलं किंवा हलवल्यावर आत खुळखुळलं तर टरफल कापून बघा, आत भुंगा असतो. अशी कोय भुशात ठेवू नका, जाळून टाका.

——

पेडण्याची_माई

मला एक विचारायचं होतं. माझी आई आठळ्या, आम्ही बिकणां म्हणतो, लाल मातीचा चिखल करून त्यात घोळायची आणि सावलीत सुकवून मडक्यात भरून ठेवायची, चुलीपासून लांब, कोपऱ्यात. जून-जुलैत मासे बंद, भाजी महाग, तेव्हा तीच बिकणां कधी आमटीत, कधी भाजीत, कधी चुलीत भाजून. चवथीपर्यंत पुरायची. मग कशी काय टिकतात ती? आणि कधी कधी मडक्यात हात घातला की एखाद्याला कोंब आलेला असायचा हे मला पक्कं आठवतं.

——

कलमवाला_लांजा

माई, तुमच्या आईने जे केलं ते बरोबर कोयीच्या पेटीचंच तत्त्व. मातीचं कवच आठळीतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, एक दुसरीला चिकटत नाही म्हणून एक कुजली तरी बाजूची वाचते, आणि मडकं गार. खायला ती चवथीपर्यंत चालतात, कारण खायला बी जिवंत असण्याची गरज नाही, फक्त कुजलेली नसावी. रुजवायला मात्र त्यातली सुरुवातीचीच उपयोगी. कोंब आलेली जी होती ती जिवंत होती, बाकीच्यांतल्या किती होत्या ते लावल्याशिवाय कळलं नसतं. ज्यांना आठळी लावायचीय त्यांनी पंधरा दिवसांत लावावी, वरचा बुळबुळीत पापुद्रा धुवून, आडवी, दोन बोटं खोल. फणसाला सोटमूळ असतं, ते दुखवलेलं चालत नाही, म्हणून उंच पिशवीत नाहीतर थेट जागेवर.

——

जंबेरी_वरूड

फ्रिज सगळ्यांनाच वाईट असं कोणी वाचून जाऊ नये म्हणून लिहितो. आम्ही संत्र्याच्या पट्ट्यातले, खुंटासाठी, म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम बांधायचं त्या रोपासाठी, जंबेरीची रोपं करतो, आणि लिंबाच्या कुळातली बी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते. तिलाही कडक वाळवलेलं चालत नाही, पण थंडी सोसते. फळ कापताना बीला सुरी लागू द्यायची नाही, बी पाण्यात चोळून धुवायची, तरंगतात त्या टाकायच्या, सावलीत कागदावर एकमेकीला चिकटेनाशी होईपर्यंत सुकवायची, बस. मग थायरम या बुरशीनाशकाची पूड हलकी चोळून पॉलिथिनच्या पिशवीत फ्रिजच्या खालच्या भागात. काही महिने चांगली राहते. पूड लावलेल्या बीच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, घरात मुलं असतात.

पपईही अशीच मधली. बीवरची चिकट पिशवी राखेत चोळून काढलीच पाहिजे, ती राहिली तर उगवण रोखते. धुवून सावलीत सुकवा, उन्हात नको, बंद डबीत ठेवा, पुढच्या हंगामापर्यंत राहते.

पण ताई, मला तुमच्या प्रश्नात दुसरीच गोष्ट खटकली. तुम्हाला बी टिकवायची नाहीये, शेप्या टिकवायचाय. आमच्या जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन रोपं येतात, त्यातली बहुतेक आईची हुबेहूब असतात कारण ती आईच्याच पेशींपासून तयार झालेली असतात. ओलूर, गोवा, बाप्पाकाई असे काही पश्चिम किनाऱ्यावरचे आंबेही तसेच. कोकणातला रायवळ सहसा तसा नसतो, एका कोयीत एकच गर्भ आणि त्यात वडील कोण ते माहीत नाही. साठच्या साठ कोयी रुजल्या असत्या तरी शेपूचा वास कितींत आला असता हे कळायला सात-आठ वर्षं गेली असती. तो वास हवा असेल तर काडी घ्या, कलम करा.

——

बियाणं_अभ्यास

कलमवाल्या दादांची गळण्याच्या हंगामाची खूण शास्त्रात बऱ्यापैकी बसते. सगळीकडे नाही, पण जिथे पावसाला धरून फळं गळतात तिथे अशा बिया जास्त सापडतात. या दोन गटांना नावं मिळाली ती १९७३ मध्ये, रॉबर्ट्स नावाच्या शास्त्रज्ञाने वाळवणं सोसणाऱ्या बियांना ऑर्थोडॉक्स म्हटलं आणि न सोसणाऱ्यांना रीकॅल्सिट्रंट, म्हणजे न ऐकणाऱ्या. मधला गट १९९० मध्ये कॉफीच्या बियांवरच्या कामातून पुढे आला.

ताईंना वाटू नये की त्यांच्याकडूनच असं झालं, म्हणून एक जुनी गोष्ट. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू बागेत नेल्या. रबराची बीही याच हट्टी गटातली. बोटीने होईल तितक्या लवकर नेल्या, केळीच्या सुकलेल्या पानांत गुंडाळून टोपल्या हवेशीर टांगल्या, तरी रुजल्या जेमतेम २,७००. आणि पुढे सिलोनला पाठवताना त्यांनी बिया पाठवल्याच नाहीत, काचेच्या बंद पेट्यांत रोपं पाठवली. दीडशे वर्षं होत आली तरी धडा तोच आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत भात, ज्वारी, डाळी यांचं बियाणं वाळवून उणे २० डिग्रीला ठेवतात, नॉर्वेच्या स्वालबार्डला २००८ पासून उणे १८ ला. आंबा-फणसाला तिथे जागा नाही. आंब्याच्या जाती जपायच्या तर झाडं लावूनच जपतात, लखनौजवळ रहमानखेड्याला केंद्रीय संस्थेची अशी मोठी बाग आहे. दुसरा मार्ग म्हणजे बीतला फक्त इवलासा गर्भ काढून उणे १९६ डिग्रीच्या द्रव नायट्रोजनमध्ये, पण तो प्रयोगशाळेचा खेळ, घरचा नाही.

नागपूरच्या बहिणीबद्दल. पुढच्या वेळी बी काढून नेऊच नका, फळ न्या. अशा बीला फळाइतकी चांगली पेटी माणसाने अजून बनवलेली नाही, ओलावा आणि अंधार तिथे आपोआप असतो. तिथे पोचल्यावर फळ खायचं आणि त्याच संध्याकाळी लावायचं. आणि काढलेली बी कधीही घट्ट बंद पिशवीत नको, ती श्वास घेते, पिशवीचं तोंड सैल हवं.

——

आजोळची_वाट

सगळं दोनदा वाचलं. त्या सिलिकाच्या पुड्या मी किती कौतुकाने घातल्या होत्या. जंबेरीवाल्या दादांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, मला शेप्याच हवाय. पण कलमाला खुंट लागतो ना, कोयी तर सगळ्या गेल्या. आणि रातांब्याचंही कलमच करायचं का?

——

कलमवाला_लांजा

ताई, कोयी गेल्या कशाने? तुम्ही साठ उचलल्यात, त्या झाडाने मे-जूनमध्ये शेकड्यांनी टाकल्या असतील. जुलै संपत आलाय. शेप्याखाली जा, पाचोळा हाताने बाजूला करा, रोपं उभी असणार. तीच तुमचा खुंट.

कोवळी, तांबूस पानांची असतील तर कोय कलमाला उत्तम, पानं हिरवी होऊन देठ पेन्सिलीच्या जाडीच्या जवळ आलेली असतील तर मृदकाष्ठ, म्हणजे कोवळ्या लाकडावरचं, कलम होईल. कोयीसकट मातीचा गोळा धरून उचला, ओढून उपटू नका. काडीसाठी आधी मामांना फोन करा. तीन-चार महिन्यांची फांदी, शेंड्याचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी, निवडून तिची पानं देठाचा तुकडा ठेवून आजच कापायला सांगा. आठ-दहा दिवसांत देठ आपोआप गळतात आणि डोळा टपोरा होतो, तेव्हा वीतभर काडी कापायची. ओल्या फडक्यात गुंडाळून वर पॉलिथिन, फ्रिजमध्ये नाही, दोन-तीन दिवसांत बांधून घ्यायची. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हवा चांगली आहे, नंतर उघडीप पडली की लागण कमी होते. जवळच्या कुठल्याही कलमवाल्याला दाखवा, वीस बांधा, दहा-बारा लागली तरी खूप.

रातांब्याच्या बीतून आलेली साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, कळत नाही. त्यामुळे फळं देणाऱ्या झाडाचीच काडी, आणि तीही सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची. आडव्या फांदीची घेतलीत तर झाड जन्मभर जमिनीलगत पसरत राहतं.

——

आजोळची_वाट

नऊ दिवसांनी लिहितेय. शनिवारी पहाटे निघाले, दुपारी पोचले, पाऊस धो धो. जेवायच्या आधीच मागे गेले. मामा म्हणत होता काही नसेल, गडी दर वर्षी झाडून काढतो. पण गडग्याच्या कडेला, जिथे झाडू पोचत नाही तिथे, पाचोळा सारला तर एकाला एक लागून एकतीस रोपं होती. काहींची पानं अजून लाल, मऊ, खाली कोय तोंड उघडून बसलेली. फणसाखाली अकरा मिळाली. रातांब्याखाली दोन पानांची बारीक बारीक कितीतरी, त्यातली वीस घेतली, पुढे खुंट म्हणून.

पिशव्या कमी पडल्या तर मामीने पोफळीच्या विरी कापून टोकं बांधून दिल्या, त्यात माती घालून रोपं ठेवलीत, पडवीत ओळीने. मामाने फोनवर ऐकल्याप्रमाणे शेप्याच्या चौदा काड्यांची पानं कापून ठेवली होती, डोळे टपोरे झाले होते. काल गावातल्या कलमवाल्यांनी चौदाही बांधल्या, वर पिशव्या घातल्यात. त्यांनी काडी कापली तेव्हा तिच्या चिकाला सुद्धा तोच वास येत होता, मी दोनदा हुंगून बघितली.

एकच शंका राहिलीय, टोपीसारख्या घातलेल्या त्या पिशव्या कधी काढायच्या?

——

कलमवाला_लांजा

डोळा फुटून दोन-तीन पानं दिसली की, साधारण तीन आठवड्यांनी. संध्याकाळी काढा, भर उन्हात नको. खुंटाला खालून फूट आली तर लगेच नखाने खुडा, नाहीतर काडी उपाशी राहील. बांधलेली पट्टी दोन-अडीच महिन्यांनी उभी चिरायची. आणि मामांना सांगा, कलमांची पानं पक्की होईपर्यंत शेप्याला हात लावू नका, चौदातली नाही लागली तर परत काडी लागेल.